पोस्टर २५६ जणांना, आले बावीस

संपादक साहेब,

मागल्या महिन्यात लातुरात आमच्या बचत गटाचं प्रदर्शन होतं, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, खारोड्या, अन् मी व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर (एकच मेसेज एकदम सगळ्यांना जातो ती) २५६ जणांना पोस्टर टाकून निवांत बसले. आले मोजून बावीस! भाचा म्हणला, मावशी, ज्यांनी तुझा नंबर सेव्हच केला नाही त्यांना ब्रॉडकास्ट जातच नसतंय. अन् पोस्टर तरी कसलं, वर फुलं अन् पुढाऱ्यांचे फोटो, वेळ-पत्ता पार तळाला मुंगीएवढ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी खलबत्त्यात चटणी कुटतानाचा व्हिडिओ अन् मॅपची लिंक गल्लीच्या ग्रुपवर टाकली, दुपारपर्यंत बरण्या रिकाम्या. तरी मोबाईल न बघणारे राहिलेच की, तर तुमच्या पेपरात दोन ओळी छापायला काय लागतंय तेवढं कळवा.

– एक वाचक, लातूर