चि. सागरला, पेट्रोलच्या कार्डाबद्दल

बार्शी, सोमवार रात्र

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी तू ठेवलास की मी, ते राहू दे. "मला दादा समजू नकोस," असं तू म्हणालास आणि मला पुढे काही बोलवेना. आज पतसंस्थेतून आल्यावर तू घेणार म्हणतोस त्या पेट्रोलच्या क्रेडिट कार्डाचा, तू पाठवलेला कागद दोनदा वाचला, खालच्या बारीक अक्षरांसकट. त्यातलं जे कळलं ते लिहिते. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले आहे.

आधी हिशोब. लातूर, औसा, निलंगा, उदगीर धरून तुझे महिन्याला 2,200 किलोमीटर होतात. गाडी 50 चं अ‍ॅव्हरेज देते म्हणतोस, म्हणजे 44 लिटर. भाव 105 धरला तर 4,620 रुपये. कार्डाने भरलं की शंभर रुपयांना 13 पॉइंट, चार पॉइंटांचा एक रुपया. म्हणजे महिन्याला 150, वर्षाला 1,800. त्यातून वर्षाची फी 499, वर 18 टक्के जीएसटी, 589 गेले. कार्डाने पेट्रोल भरलं की वर जो जादा आकार लागतो, तो सरचार्ज माफ लिहिलंय, पण त्यावरचा जीएसटी परत येत नाही. हजाराच्या पेट्रोलमागे एक रुपया ऐंशी पैसे, वर्षाचे शंभर धर. आणि सरचार्ज माफ म्हणजे कमाई नव्हे बाळा, रोख दिलेस तर तो लागतच नाही. हातात राहतात 1,100. महिन्याचे नव्वदच्या वर थोडे. वर्षाला 50,000 खर्च झाला तर पुढची फी सोडतात म्हणे, पण त्या खर्चात पेट्रोल धरतात का, ते कार्ड विकणाऱ्या त्या पोराकडून लेखी घे.

नव्वद रुपयांना मी नावं ठेवणार नाही. पण सरचार्जची माफी 500 च्या पुढच्या बिलालाच आहे, आणि आपल्या घराला दोनशेचं टाकायची सवय. टाकी भरायला शिकावं लागेल. पॉइंट तर त्या एकाच कंपनीच्या पंपावर. रात्री निलंग्याहून येताना जो पंप उघडा दिसेल तिथे भर, पॉइंटांसाठी पुढे जाऊ नकोस.

आता ज्यावरून आपलं वाजलं ते. तुझे एक्स्पेन्स, म्हणजे कंपनीकडून परत मिळणारे खर्चाचे पैसे, कधी 10 तारखेला येतात, कधी 25 ला. मार्चमध्ये तर आलेच नव्हते, तू मावशीकडून घेतलेस आणि मला गुढीपाडव्याला कळलं. कार्डाचं बिल साहेबांच्या सहीसाठी थांबत नाही. एक महिना चुकला तर उशिराचा दंड 500, त्यावर जीएसटी, आणि 4,620 वर महिन्याला पावणेचार टक्के व्याज, त्यावरही जीएसटी. जवळजवळ 800 होतात. आठ महिन्यांची बचत एका महिन्यात गेली. आमच्याकडे 14 टक्क्यांचं कर्ज घेताना माणसं दोन जामीनदार आणतात. हे वर्षाचं 45 टक्के पडतं आणि जामीन कोणी मागत नाही. आणि बिलावर ठळक अक्षरात 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, छापलेली असते. तेवढं भरलं की दंड टळतो, व्याज टळत नाही. वर नव्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दादाने अकरा महिने तेवढंच भरलं होतं. असो. दादाचं नाव काढणार नव्हते.

अण्णांच्या टेम्पोच्या वेळी कार्ड नव्हतं, पंपावर वही होती. डिझेल भरलं की निळ्या कार्बनची चिठ्ठी. अण्णा ती शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि विसरायचे. मी शर्ट भिजवला की पाण्यात निळं उतरायचं, हातात लगदा यायचा. महिनाअखेरीला पंपवाला सांगेल तो आकडा खरा. एकदा आमच्या अंदाजापेक्षा 1,300 जास्त निघाले, आणि दाखवायला चिठ्ठी नाही. तेव्हापासून तुला ते बरोबर न्यायचे. तू दुसरीत होतास, मशीनसमोर पंजांवर उभा राहून ओरडायचास, "अण्णा, शून्य आलं!" मग चिठ्ठी हाफपँटच्या खिशात घालून घरापर्यंत खिशावर हात. तोच पोरगा आता बॅग घेऊन डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसतो, टार्गेट पुरं करतो. मी पतसंस्थेत सगळ्यांना सांगते. तुला कधी सांगितलं नाही, म्हणून लिहिलं.

घेणार असशील तर घे, मी अडवत नाही. फक्त एवढं कर. खात्यातून आपोआप पैसे कापायचं जे भरून देशील त्यात 'टोटल ड्यू', म्हणजे पूर्ण बिलावर खूण कर, मिनिममवर नाही. लिमिट कमी करून माग, पंधरा हजार पुष्कळ झाले. बिलाची तारीख किमान एकदा तरी बदलून मिळते, रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. एक्स्पेन्स साधारण कधी येतात ते बघून ती लावून घे. आणि दोन महिन्यांचं पेट्रोल खात्यात बाजूला ठेवून मगच सुरू कर. बघ, पुन्हा तेच. रागावू नकोस. तू दादा नाहीस हे मला माहीत आहे रे. दादासुद्धा तसा नव्हता, म्हणून भीती वाटते.

आणखी एक. नोटाबंदीनंतर पंपावर कार्डाने भरलं की पाऊण टक्का परत यायचा. 1 ऑक्टोबर 2019 पासून क्रेडिट कार्डाला तो बंद झाला. आजचे 13 पॉइंट उद्या पाच झाले तर फी भरत बसू नकोस, बाकी फेडून बंद कर म्हणून कळव. सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुला द्यायचे असतात, हा नियम लक्षात असू दे.

शेंगदाण्याची चटणी उद्या सकाळच्या गाडीने देते, स्टँडवर वेळेवर जा. हे पत्र अण्णांना दाखवलं नाही. तुझ्या कार्डाचं म्हणून सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "त्याला विचार, मागचं टायर बदललं का."

बदललंस का?

तुझी,
आई