नऊ मुक्काम जरा जास्तच होतात, ताई

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

तू आखलेला प्रवास पाहिला. अकरा दिवस, नऊ मुक्काम, सहा माणसं आणि एक मोटरहोम. आई खूश आहे. मला मात्र वाचूनच दम लागला.

घरच सोबत असलं की बांधाबांध नाही, असं तुला वाटतंय ना? इथेच माणूस फसतो. हॉटेल सोडताना बॅग उचलली की झालं. फिरतं घर हलवायचं म्हणजे विजेची केबल काढा, पाण्याचा पाइप गुंडाळा, छतावरची खिडकी लावा, गॅस बंद करा, पायरी आत घ्या आणि प्रत्येक कपाटाची कडी तपासा. तू सात वर्षांची असताना माझ्याकडून एक कडी राहिली होती; पहिल्याच वळणावर निम्म्या बशा जमिनीवर. पुढच्या जागी पोहोचल्यावर हेच सगळं उलट्या क्रमाने करायचं, शिवाय चाकांखाली ठोकळे घालून गाडी सपाट करायची. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर तिरक्या गाडीत तो नीट थंड करत नाही. एका मुक्कामामागे हा दीड तासाचा उद्योग धर. नऊ मुक्कामांचे साडेतेरा तास होतात!

म्हणून पाच मुक्काम ठेव, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी दोन-तीन रात्री. फोन वेळ दाखवतो ती साध्या गाडीची असते, त्यात किमान पाव भाग वाढव. फोनवर चार तासांपेक्षा मोठा टप्पा घेऊच नकोस. उजेड असताना पोहोचायचं, हे तर ठरवूनच टाक. अंधारात मोटरहोम मागे घेताना आईने ‘डावीकडे’ म्हणून ओरडायचं आणि ते तिचं डावं की माझं यावर आमचं भांडण व्हायचं, हे तुला आठवत असेल.

तिसऱ्या आणि चौथ्या मुक्कामी वीज-पाण्याची जोडणी नाही, हे पाहिलंस का? तिथे तुझा बेत नकाशा नाही, टाक्या ठरवतील. सहा जणांत संडासाची टाकी तुला वाटते त्यापेक्षा फार लवकर भरते. ती रिकामी करायची सोय पुढच्याच थांब्यावर आहे का, ते आधी विचार. रिकामी करताना आधी संडासाची, मग अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइपही धुऊन निघतो. आणि बॅटरीच्या भरवशावर एसी लावायचा विचार सोड. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात जेमतेम 1.2 युनिट असतात. छतावरचा एसी ते तासाभरात संपवेल.

गाडीची उंची भाडेपत्रावरून घेऊ नकोस, छतावरच्या एसीसकट स्वतः मोज आणि चिठ्ठी स्टीअरिंगसमोर चिकटव. पूल दिसल्यावर आठवत बसायला वेळ नसतो. वजनाचंही तेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, टाकी 120 लिटरची असेल तर तेवढे किलो तू उगाच डोंगर चढवत नेशील. जिथे पुढे पाणी मिळणार आहे तिथे अर्धी टाकी पुरे. मुलांच्या सायकलींचं तू बघ, मी त्यात पडत नाही.

एक गोष्ट मात्र पैसे भरण्याआधी विचार. ‘सहा जण झोपू शकतात’ असं लिहिलं म्हणजे सीटबेल्ट सहा असतातच असं नाही. धावत्या गाडीत कुणी पलंगावर लोळायचं नाही, नातवंडांनी तर मुळीच नाही. बेल्ट चारच निघाले तर आम्ही दोघं आमच्या छोट्या गाडीने मागून येऊ. तुमचं घर एका जागी उभं राहील आणि आसपास हिंडायला छोटी गाडी कामी येईल. मला तर हेच बरं वाटतंय.

आईला अजून बोललो नाही. तिने वरचा पलंग स्वतःसाठी धरून ठेवलाय.

तुझे
बाबा