मागच्या बाजूचे दोन आकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या सहा वर्षांच्या नातवाला शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातली दहा रुपयांची सरबताची बाटली लागते. परवा ती रिकामी झाल्यावर सहज भिंग घेऊन मागचा मजकूर वाचला. साखर होतीच, शिवाय ९५० आणि ९५५ असे दोन आकडे. म्हणजे असेसल्फेम पोटॅशियम आणि सुक्रालोज हे कृत्रिम गोडवे. किती, ते कुठेच नाही. त्याखाली बारीक इंग्रजीत, लहान मुलांसाठी शिफारस नाही! आणि या बाटलीचं निम्मं गिऱ्हाईक पाठीवर दप्तर घेऊन येतं. दुकानदार म्हणाला, "आजी, मागचं कोण वाचतंय?"

मी स्वतः मधुमेही. चहात गोडव्याची गोळी टाकते, पण ती डॉक्टरांना विचारून आणि मोजून. नातवाला कुणी विचारलंय?

उगाच घाबरवायचं नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेम या अशाच आणखी एका गोडव्याला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकल्यावर व्हॉट्सॲपवर नुसता धुरळा उडाला होता. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, हे कुणी पुढे पाठवलं नाही. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट शीतपेयाचे नऊ-दहा कॅन तरी प्यावे लागतील. पण हाच हिशेब सोळा किलोच्या पोराला लावला, तर दोन-तीन कॅनमध्येच काम होतं. शिवाय त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नका, असा सल्ला दिला होता (मधुमेहींना तो लागू नाही). तो मात्र 'शुगर फ्री' बिस्किटं घेणाऱ्या आमच्या भिशीतल्या एकीलाही ठाऊक नव्हता.

पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पाळला जातो; मराठीत छापायचं की नाही, ते कंपनीच्या मर्जीवर. पण शाकाहाराचा हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळतो. तसलीच एक ठळक खूण कृत्रिम गोडव्यासाठी बाटलीच्या पुढच्या बाजूला सक्तीची करावी, आणि मुलांबद्दलची सूचना तिच्या शेजारी मराठीत छापावी. अन्न सुरक्षा प्राधिकरणापर्यंत हे आपल्या वृत्तपत्रामार्फत पोहोचावं, एवढीच विनंती.

नातू हल्ली दुकानात विचारतो, "आजी, यात ते आकडे आहेत का?" त्याला अजून शंभरापुढे वाचता येत नाही.

आपली,
एक वाचक, सांगली