शिबिरात मोतीबिंदूबरोबर पडदापण बघा

संपादकसाहेब, नमस्कार,

आपल्या सांगली जिल्ह्यात डोळ्यांची शिबिरं भरपूर होतात, चांगलंच आहे, पण बऱ्याच ठिकाणी मोतीबिंदू आहे का एवढंच बघतात आणि नसला की ड्रॉप देऊन घरी. आमच्या सासूबाईंचं तेच झालं. बेदाण्याच्या शेडवर कित्येक वर्षं निवडायला जातात, हात झपाझप चालायचा, आणि आता दाण्याला काडी राहिलीय का तेच दिसेना, कडेचं सगळं दिसतंय पण जिथं बघायचं तिथंच धुरकट, दाराची चौकट मधेच वाकडी. शिबिरात म्हणाले वयोमानानं होतं. मग मिरजेला पडद्याच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा कळलं, हा मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, वयोमानानं होणारा आजार, त्याला एएमडी म्हणतात, आणि त्यातला ओला प्रकार, म्हणजे पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या नाजूक, पाझरतात, आणि मधली नजर काही आठवड्या-महिन्यांतच जाऊ शकते.

या वाहिन्या बघायला हाताच्या शिरेतून रंगाचं इंजेक्शन देऊन फोटो काढतात, १९६१ पासूनची पद्धत आहे, पण त्यानं काहींना मळमळतं, लघवी पिवळी होते, क्वचित जोराची रिॲक्शनपण येते. आता ओसीटी अँजिओग्राफी आलीय, म्हणजे नुसत्या प्रकाशानं पडद्याच्या रक्तवाहिन्या बघायची तपासणी. सुई नाही, रंग नाही. हनुवटी टेकवून बसायचं, मशीन एकाच जागेवरून प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवतं, बाकी सगळं जागच्या जागी आणि हलतं ते फक्त रक्त, त्या फरकावरून रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार होतो, तोही थराथरानं. सासूबाईंच्या डोळ्यातलं ते नको असलेलं जाळं डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. अर्थात वाहिनी पाझरतेय का ते यात कळत नाही, मोतीबिंदू दाट असला किंवा म्हाताऱ्या माणसाला डोळा स्थिर ठेवता आला नाही तर चित्र खराब येतं, म्हणून कधीकधी रंगाची तपासणी लागतेच.

ओल्या प्रकाराला डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, पण वेळेत मिळाली तरच खरा उपयोग. दुसरा कोरडा प्रकार, ज्यात अशा वाहिन्या फुटत नाहीत, त्याला ती चालत नाहीत, तरी लक्ष ठेवावंच लागतं कारण कोरड्याचा ओला होऊ शकतो.

म्हणून कळकळीनं सांगते, शिबिरात पन्नाशीच्या पुढच्यांना बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालून पडदा बघाच, अर्धा तास जास्त जाईल, जाऊ दे. आणि ओसीटी अँजिओग्राफी कुठं होते, किती पैसे पडतात, याचा फलक आरोग्य खात्यानं प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लावावा, जत-आटपाडीच्या माणसानं कुणाला विचारत फिरायचं?

तुम्हालाही एक विनंती. ॲम्सलर ग्रिड म्हणून चौकटींचा तक्ता असतो, मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा घालून, एकेक डोळा झाकून त्या ठिपक्याकडं बघायचं, रेघा वाकड्या किंवा मधेच गायब दिसल्या तर थांबायचं नाही, त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडं जायचं. तो तक्ता रविवारच्या पुरवणीत मोठा छापा, म्हणजे लोकांना कापून कपाटाला चिकटवता येईल.

एक वाचक, तासगाव