बाबा, एक्झिक्युटर मीच होणार

ती. बाबा आणि आई यांना
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून तुझं नाव नको, तुझं सिबिल बिघडलंय, कोर्ट तुला उभं करणार नाही." आणि लगेच विषय पाण्याच्या टाकीवर नेलात. मी गप्प बसलो, पण पटलं म्हणून नव्हे. ताईशी माझं बोलणं झालंय. तिची हरकत नाही, उलट "सुटले बाई" म्हणाली. शनिवारी अकराची वकिलांची वेळही घेतली आहे. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता.

हे सिबिलचं तुमच्या डोक्यात अमेरिकेतल्या दादानं घातलं ना? तो खोटं बोलत नाही. तिकडे बऱ्याच राज्यांत एक्झिक्युटरला बाँड (काही नुकसान झालं तर भरपाईची लेखी हमी) द्यावा लागतो आणि बाँड देणारी कंपनी क्रेडिट बघते. तिथेही मृत्युपत्रात बाँडची माफी लिहून ठेवता येते. आपल्याकडे 1925 चा भारतीय वारसा कायदा आहे. त्यात अठरा पूर्ण न झालेल्याला आणि मनाचा तोल गेलेल्याला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) मिळत नाही. (आई मला अजून पहिल्यातच धरते, ते वेगळं.) सिबिल, थकबाकी, बंद पडलेले माग, यातलं काहीच त्यात नाही. शिवाय सोलापुरात प्रोबेट घेण्याची सक्तीही नाही.

उलट कुणाचंच नाव घातलं नाहीत तर पंचाईत. मग कोर्टाकडून लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेची व्यवस्था बघण्याचं अधिकारपत्र) घ्यायची वेळ येऊ शकते, आणि तिथे जामीनदारासकट बाँड लिहून द्यावा लागतो. मला सध्या जामीन कोण राहणार, सांगा बरं? म्हणजे माझी पत आडवी यायची ती तुम्ही नाव गाळलंत तरच.

एक गोष्ट मात्र खरी आहे, ती लपवत नाही. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याचं एक कर्ज अजून फिटायचंय. हप्ते चालू आहेत, काळजी करू नका. एक्झिक्युटर म्हणून माझ्या हातात येईल ते आईचं आणि ताईचं, त्याला माझे देणेकरी हात लावू शकत नाहीत. माझ्या स्वतःच्या वाट्याचं तसं नाही. म्हणून घर आधी पूर्णपणे आईच्या नावावर लिहा. माझा वाटा नंतरचा, किंवा नसला तरी चालेल. खरंच चालेल. आणि मी नीट वागलो नाही तर ताई हायकोर्टात जाऊन मला काढायला लावू शकते, तीही सोय कायद्यात आहे. तिला सांगितलं तर हसत सुटली.

आई, तू हे वाचून डोळ्याला पदर लावू नकोस. कुणाला कुठे जायचं नाहीये. बाबांचं बीपी तुझ्यापेक्षा बरं आहे. लहानपणी ताप आला की तू उशाशी बसून ओल्या फडक्याची घडी कपाळावर बदलत राहायचीस, मला झोप लागली तरी. आता तुझ्या शुगरची वही मी फोनवर विचारतो तर तुला तो जाच वाटतो! वाटू दे.

आता कामाचं. चादरीच्या चेनवाल्या प्लास्टिक पिशवीत तुम्ही घराची कागदपत्रं, पासबुकं, विम्याच्या पावत्या, आणि का कोण जाणे मिक्सरचं वॉरंटी कार्ड कोंबलंय, ती पिशवी शनिवारी बरोबर घ्या. साक्षीदार दोन लागतात. मी आणि ताई नको. समोरचे काका चालतील, पण दुसरा तुमच्यापेक्षा तरुण बघा, पुढे त्याला बोलवावं लागलं तर असायला हवा. डॉक्टरांकडून प्रकृती ठीक असल्याचं पत्र घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी आपण करायचीच. बँकेत आईला नॉमिनी केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही.

उन्हं फार आहेत, दुपारी बाहेर पडायचं नाही. नळाला पाणी येईल त्या दिवशी टाकी बघायला शिडीवर चढायचं नाही, खालच्या पोराला सांगा. मी शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं येतोय. स्टेशनवर कुणी येऊ नका, जेवायला थांबू नका. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी झाकून ठेवा, आई, दही नसलं तरी चालेल. आणि बाबा, शनिवारी रिक्षानं जायचं. स्कूटरची किल्ली आईकडे देऊन ठेवा.

तुमचा,
बाळू