झाडावरच्या मुंग्यांवर औषध मारू नका

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

पावसाळ्याआधीची फांदीछाटणी सुरू झाली की आमच्या बोरिवली-कांदिवलीकडच्या बऱ्याच सोसायट्यांत त्याच्याच जोडीला अजून एक काम उरकलं जातं, आंबा, जांभूळ, करंज अशा झाडांवरच्या लाल मुंग्यांवर औषध मारायचं. कुणाला गाडी काढताना मुंगी चावलेली असते, कुणाच्या ग्रिलवरून रांग गेलेली असते, व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार पडते आणि दुसऱ्या दिवशी पंप घेऊन माणूस हजर. पानांचे गोळे दिसतील तिथे फवारा, खाली मुंग्यांचा सडा, झाडू मारला की विषय संपला. यंदा आमच्याकडेही हेच झालं, मी मीटिंगमध्ये बोलून बघितलं पण "मुंग्याच तर आहेत" याच्या पुढे कोणी ऐकायला तयार नव्हतं, म्हणून हे पत्र. विनंती एकच आहे, झाडावरच्या मुंग्यांवर औषध मारू नका. का नको ते जरा सविस्तर सांगते.

या मुंग्या म्हणजे ओंबील, तळकोकणातली माणसं हुमले म्हणतात त्या. शास्त्रीय नाव ईकोफिला स्मॅराग्डिना. भारतापासून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण प्रदेशातल्या जंगलांत त्या राहतात, जमिनीत वारूळ वगैरे काही नाही, सगळा संसार झाडावर. आपल्या संजय गांधी नॅशनल पार्कात, आरेच्या आणि येऊरच्या जंगलात त्या भरपूर आहेत आणि जंगलाच्या कडेने ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या तिथल्या झाडांवरही आहेत. जंगलाला लागून आपलं घर आहे याचं आपल्याला किती कौतुक असतं, पाहुण्यांना आपण गॅलरीत नेऊन डोंगर दाखवतो, तर त्याच जंगलातला हा जीव आपल्या गेटपाशी राहतोय.

त्यांना घर बांधताना एकदा जवळून बघाच. आधी काही मुंग्या एका पानाची कड जबड्यात पकडतात आणि मागचे पाय शेजारच्या पानावर रोवून ओढायला लागतात, पान जरा हललं, जवळ येतंय असं वाटलं की बाकीच्या तिथेच गोळा होतात. दोन पानांमधलं अंतर एकीच्या आवाक्यातलं नसेल तर एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची, अशी जिवंत साखळी तयार होते, आणि अशा कितीतरी साखळ्या शेजारीशेजारी लागून मागे सरकत जातात. जांभळाचं पान चांगलं कडक असतं तरी ते हळूहळू वळतं. मग आतून कामकरी मुंग्या येतात, प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरी अळी, त्यांच्याच वसाहतीतलं पिल्लू. मुंगी मिशांनी अळीच्या डोक्यावर टकटक करते, अळी तोंडातून रेशमाचा धागा सोडते, मुंगी तिचं तोंड या पानाच्या कडेला टेकवते, मग त्या पानाच्या, परत या पानाच्या, हातमागावर धोटा फिरतो अगदी तसं, आणि दोन पानांच्या फटीत पांढरं पातळ कापड विणून होतं. मोठ्या मुंगीला रेशीम येतच नाही, ते फक्त अळीकडे. बाकी कितीतरी जातींच्या मुंग्यांची अळी आपलं रेशीम स्वतःभोवती कोष विणायला वापरते, ओंबीलची अळी ते घराला देऊन टाकते आणि स्वतः कोषाशिवाय उघडीच वाढते. हे सगळं दिवसभरात होतं, आपण खाली स्कूटर लावून निघून जातो तेवढ्या वेळात वर एक घर उभं राहतं, मला तर हे कितीही वेळा बघितलं तरी पुरत नाही.

आता फवारणीत नुकसान कसं होतं ते बघा. एक पानांचा गोळा म्हणजे एक वसाहत असं नाही. मोठी वसाहत १०-१२ झाडांवर पसरलेली असू शकते, त्यात १०० च्या वर घरटी आणि मुंग्या ५ लाखांपर्यंत, आणि या सगळ्यांची राणी सहसा एकच, एकाच कुठल्यातरी घरट्यात. तिची अंडी कामकरी मुंग्या बाकीच्या घरट्यांत वाटून नेतात. छोट्या आकाराच्या कामकरी आतच राहून पिल्लं सांभाळतात, मोठ्या बाहेर शिकारीला आणि राखणीला, त्यातही वय झालेल्या मुंग्या हद्दीवरच्या घरट्यांत राहतात आणि शेजारच्या वसाहतीशी मारामारी झाली तर पहिल्यांदा त्याच पुढे जातात. आता तुमच्या फवाऱ्यात किंवा कापलेल्या फांदीत नेमकं राणीचं घरटं गेलं तर बाकी सगळी झाडं हिरवीगार, मुंग्यांनी भरलेली दिसतील, पण ती वसाहत संपली. राणी गेल्यावर कामकऱ्यांनी अंडी घातली तरी त्यातून फक्त नर निघतात, कामाला नवीन मुंगी येत नाही, आणि आहेत त्या म्हाताऱ्या होऊन मरत जातात. नवीन वसाहत उभी राहणं सोपं नाही हो. पंख असलेली हिरवट राणी उडते, नराशी संग झाला की पंख गाळून एखाद्या पानाखाली एकटी बसते, काही न खाता स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर पहिली पिल्लं वाढवते, आणि अशा बहुतेक राण्या कोळ्यांच्या, पक्ष्यांच्या पोटात जातात. त्यामुळे दहा झाडांवर पसरलेली वसाहत दिसली की समजायचं, यामागे वर्षं गेली आहेत.

लोक म्हणतात घरात मुंग्या होतात म्हणून मारलं. पण किचनच्या ओट्यावर साखरेला लागणाऱ्या त्या बारीक मुंग्या या नव्हेतच! घरातल्या असतात फॅरो मुंगी, घोस्ट मुंगी, लांब मिशांची सैरावैरा पळणारी क्रेझी मुंगी, माणसाच्या सामानाबरोबर जगभर पोचलेल्या जाती, भिंतीच्या फटीत, स्विचबोर्डमागे राहणाऱ्या. झाडावर कितीही औषध मारा, ओट्यावरची रांग तशीच राहणार. उलट फॅरो मुंगीवर घरात स्प्रे मारला तर त्यांची वसाहत फुटून दोन-चार ठिकाणी नवीन वसाहती होतात, एका खोलीतला त्रास तीन खोल्यांत जातो. त्यांच्यासाठी आमिष ठेवायचं असतं जे त्या स्वतः आत घेऊन जातात. म्हणजे त्रास एकीचा आणि मारतो दुसरीला, वर सोसायटीचा खर्च वेगळाच.

ओंबील चावते हे खरं आहे, मी नाकारत नाही. तिला नांगी नाही, ती जबड्याने चावा घेते आणि पोट वळवून त्या जागी फॉर्मिक ॲसिड सोडते, म्हणून चरचरतं. साबणपाण्याने धुतलं की बहुतेकांचं थोड्या वेळात कमी होतं, ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी मात्र सांभाळायला हवं. आणि त्या पिठ्या ढेकूण, खवले कीड अशा झाडाचा रस शोषणाऱ्या किड्यांना पाळतात, त्यांचा गोड रस पितात, हेही खरं, त्यामुळे काही बागायतदार वैतागतात आणि आंबे उतरवणाऱ्याचे तर हाल होतात. पण हिशोबाची दुसरी बाजू मोठी आहे. पान खाणाऱ्या अळ्या, भुंगेरे, रस शोषणारे ढेकूण, दिसेल ते या मुंग्या धरून फाडून घरट्यात नेतात. काजूवरचा ढेकण्या, हाही रस शोषणारा किडाच, आपल्या कोकणातल्या लोकांना काय त्रास देतो ते सांगायला नको, ऑस्ट्रेलियात काजूच्या बागांमध्ये मुद्दाम ओंबील वाढवून अशाच ढेकण्याला आळा घातला गेलाय. चीनमध्ये तर इ.स. ३०४ च्या सुमाराच्या लिखाणात आहे की या मुंग्यांची घरटी बाजारात पिशवीत घालून विकायला यायची, लोक ती विकत घेऊन संत्र्या-मोसंब्यांच्या झाडांवर लावायचे, कारण मुंग्या नसल्या तर फळ किडतं. एका किड्याकडून दुसऱ्याचा बंदोबस्त करायची ही जगातली सर्वात जुनी नोंद मानली जाते. पुढे तिथले शेतकरी या झाडावरून त्या झाडावर जायला मुंग्यांसाठी बांबूचे पूलसुद्धा बांधायचे.

आणि आपल्या अडचणीचा उपायही या पुलातच आहे. ओंबील तुमच्या ग्रिलवर येते ती कुठूनतरी चालत येते, फांदी टेकलेली असते, नाहीतर केबलची वायर, नाहीतर कपड्यांची दोरी. तेवढी टेकलेली डहाळी कापा, वायर झाडापासून लांब घ्या, वाट बंद. यासाठी घरट्यावर विष ओतायची काही गरज नाही, आणि ते विष फक्त मुंग्यांना लागतं असंही नाही, त्याच झाडावर शिंपी असतो, दयाळ असतो, खाली मुलं खेळतात.

एक ओंबील गेली की अजून काय काय जातं ते फार कमी लोकांना माहिती असतं. तिच्या रांगेत नीट बघितलं तर कधीतरी एक "मुंगी" जरा वेगळी चालताना दिसते, थांबत, झटके देत. ती मुंगी नसतेच, उडी मारणारा कोळी असतो. पाय आठ पण पुढचे दोन हवेत धरून मिशांसारखे हलवतो, रंग तोच, कंबर तशीच बारीक, डोक्याच्या बाजूला काळे ठिपके जे मुंगीच्या डोळ्यांसारखे दिसतात, आणि नराचे जबडे इतके लांब की एक मुंगी दुसरीला उचलून नेतेय असं वाटतं. बोट जवळ नेलं तर ओंबील जबडा उघडून अंगावर येते, हा मात्र धागा सोडून खाली लटकतो, तेव्हा ओळख पटते. ओंबीलला सगळे घाबरतात, म्हणून तिच्यासारखं दिसून हा वाचतो. काही निळ्या फुलपाखरांच्या अळ्यासुद्धा याच मुंग्यांच्या पहाऱ्यात वाढतात, अळी गोड रस देते आणि मुंग्या तिला शत्रूपासून राखतात.

जंगलात अजून आत गेलात तर फांदीला लागलेलं मातकट, पापुद्र्या-पापुद्र्यांचं मोठं घरटं दिसेल, ते क्रिमॅटोगॅस्टर मुंग्यांचं, चावलेल्या झाडपाल्याच्या लगद्याचं केलेलं. डिवचलं की या मुंग्या पोट डोक्यावर उचलून धरतात. तांबूस सुतार पक्षी हेच घरटं पोखरून त्यात अंडी घालतो, एरवी तो याच मुंग्या खातो, आणि तरी आजूबाजूला मुंग्या राहत असताना त्याची पिल्लं तिथे मोठी होतात. भारतातल्या कोरड्या भागात डायाकॅमा नावाची मुंगी बिळाच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसं लावून ठेवते, पहाटेचं दव त्यावर जमतं आणि ते तिचं पिण्याचं पाणी. दक्षिणेकडे हार्पेग्नॅथस म्हणून उडी मारणारी मुंगी आहे, तिथे राणी मेली की कामकरी मुंग्यांच्या मिशांनी झटापटी चालतात, ४० दिवसांपर्यंत, जिंकणाऱ्या अंडी घालायला लागतात, त्यांचा मेंदू साधारण २० ते २५ टक्के आकसतो आणि आयुष्य ७ महिन्यांवरून ४ वर्षांपर्यंत जातं. शिवाय त्यांना परत कामकरी व्हावं लागलं तर मेंदू पूर्ववत वाढतो, हे २०२१ मध्ये सिद्ध झालंय. अशा जिवाला आपण "मुंग्याच तर आहेत" म्हणायचं?

भारतात मुंग्यांच्या ८०० हून जास्त जाती आहेत. पेरू देशातल्या जंगलात मुंग्यांचे नावाजलेले अमेरिकन अभ्यासक एडवर्ड विल्सन यांना एका झाडावर ४३ जाती मिळाल्या होत्या, जवळजवळ अख्ख्या ब्रिटनमध्ये आहेत तेवढ्या. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की पृथ्वीवर माणशी साधारण २५ लाख मुंग्या आहेत आणि त्यांचं एकूण वजन सगळे जंगली पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून होतं त्यापेक्षा जास्त भरतं. या कामात मुंबई मागे नव्हती हेही सांगायला हवं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी इथे १८८३ ला सुरू झाली आणि १८९२ मध्ये रॉटन नावाच्या वनअधिकाऱ्याने तिच्या जर्नलमध्ये इथल्या मुंग्यांवर सविस्तर लिहिलं होतं. आज मात्र पार्कात फिरायला आलेल्या मुलांना बिबट्याशिवाय काही सांगितलं जात नाही, बिबट्या तर दिसत नाही, आणि डोळ्यासमोर फांदीवर जे चाललंय तिकडे कुणी बोट दाखवत नाही.

सोसायटीच्या कमिट्यांना माझं सांगणं आहे की छाटणीआधी माळ्याला घेऊन झाडांखालून एक चक्कर मारा, पानांचे गोळे कुठे आहेत ते बघा, त्या फांद्या धोकादायक नसतील तर राहू द्या, आणि कापायचीच वेळ आली तर फांदी घरट्यासकट त्याच झाडाच्या बुंध्याशी टेकवून ठेवा, मुंग्या पिल्लं उचलून आपोआप वर जातात. पेस्ट कंट्रोलच्या करारात झाडं धरू नका, घराच्या आतलं काम घरातच राहू दे. उद्यान खात्याने छाटणीची परवानगी देताना ही एक अट त्यात घातली तर फारच बरं होईल. आणि संपादक साहेब, दरवर्षी एप्रिलमध्ये छाटणीच्या बातम्या तुमच्या पेपरात येतातच, त्यांच्या शेजारी झाडावरच्या आणि घरातल्या मुंग्यांचे फोटो बाजूबाजूला छापलेत तर निदान कमिटीच्या मीटिंगमध्ये दाखवायला आमच्या हातात काहीतरी असेल.

आपली,
एक वाचक, बोरिवली (पूर्व), मुंबई