पेलॉप्सची खीळ

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा आहे तसाच, आईचं बीपी गोळीवर.

झालंय असं, की तालुक्याला चौदा वर्षांखालच्या चारशे मीटरमध्ये पहिला आलेल्या पोराला चक्क दाढी! आमचा सुऱ्या दुसरा. मी हरकत अर्ज दिला, तर आता सगळे 'मागे घ्या' म्हणून मागे लागलेत. आमचे हेडसर म्हणतात, "दाखल्यावर तारीख आहे ना? मग तुम्ही कोण?" तू असतास तर त्या पोराला बक्षीस म्हणून वस्तरा दिला असतास.

त्यात परिपाठाला ऑलिम्पिकवर बोलायचं होतं, म्हणून वाचायला बसलो. जुने खेळ व्हायचे त्या ग्रीसमधल्या ऑलिंपियात शपथेच्या झ्यूस देवाचा पुतळा होता, दोन्ही हातांत वज्र घेतलेला. त्याच्यापुढे रानडुकराच्या मांसावर शपथ घ्यायची, लबाडी करणार नाही म्हणून. एकट्या खेळाडूने नाही. बाप, भाऊ, वस्ताद, सगळ्यांनी! पोरांच्या गटाची तपासणी करणाऱ्यांची तर वेगळी शपथ, की लाच न खाता निर्णय देऊ. म्हणजे हा धंदा तेव्हाचाच. आताच्या ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंची शपथ 1920 साली अँटवर्पला आली, पंचांची 1972 ला आणि आम्हा प्रशिक्षकांची थेट 2012 ला, लंडनला. आमच्यावर संशय घ्यायला ब्याण्णव वर्षं लागली बघ!

पण डोक्यात बसलाय तो पेलॉप्स. एका कथेप्रमाणे या खेळांचा मूळ पुरुषच तो. राजा ओइनोमाओसला रथाच्या शर्यतीत हरवलं तर राजकन्या मिळणार. याने राजाचा सारथी मिर्टिलस फोडला आणि आसाची खीळ काढून तिथे मेणाची बसवली. आपल्याकडे छकड्याची खीळ कोणी अशी बदलली, तर गाव त्याला उभा सोडणार नाही. राजा मेला, पेलॉप्सला राजकन्या मिळाली, आणि कबूल केलेलं मागायला आलेल्या मिर्टिलसला त्याने समुद्रात ढकलला. वर ऑलिंपियात पूजा कोणाची? पेलॉप्सची! परिपाठात मी हे गाळलं.

माझी हरकत टिकली तर बंदी त्या पोरावर येणार. दाखला बनवणारा मात्र पुढच्या वर्षी दुसरं पोर घेऊन उभाच. जिंकल्यावर ते पोर मान खाली घालून बसलं होतं रे. अर्ज मागे घ्यावा तर सुऱ्याला काय सांगू? तू म्हणशील, "ढाल मिळाली ना, गप बस." रिलेच्या वेळी बॅटन हद्दीबाहेर दिली होतीस तेव्हा हेच म्हणाला होतास. ती तू बाहेरच दिली होतीस, आजही सांगतो.

नवीन फ्लॅटचं अभिनंदन, चिमीला बारावीसाठी शुभेच्छा, वहिनींना नमस्कार. बुधवारी सुनावणी आहे, मंगळवारी रात्री फोन कर. मी अर्जात त्या पोराचं नाव खोडून फक्त दाखला देणाऱ्यावर चौकशी मागायचं म्हणतोय. तसं चालतं का, तुझ्या त्या वकील मेव्हण्याला विचारून ठेव.

तुझा,
बापू